तगरीवरील पाहुणा

पावसाळ्यांत आमच्या सातारा-सांगलीकडील परसांतून तगरीच्या फांद्या एकाएकीं बोडक्या दिसूं लागतात. घरांतील माणसें अळी शोधून चिरडतात व विषय तेथेंच संपतो. वस्तुतः अभ्यासास आरंभ तेथूनच व्हावा, असें आम्हांस वाटतें.

तगर व कण्हेर यांच्या पानांवर वाढणारी ही अळी एका मोठ्या पतंगाची होय. स्वीडनमधील शास्त्रज्ञ लिनियस यानें १७५८ मध्यें त्या पतंगास कण्हेरीवरूनच नांव दिलें. मादी कोंवळ्या पानांवर फिकट हिरवीं अंडीं एकेक करून घालते. कांहीं दिवसांत अळी बाहेर पडते. तिच्या शेपटाकडे लांब काळें शिंग असतें. पुढें ती सुमारें ३ इंच वाढते, तरी पानांत सहसा दिसत नाहीं. झाडाखालीं विष्ठेच्या काळसर गोळ्या पडलेल्या आढळल्यास त्यांच्या थेट वरची फांदी न्याहाळावी. डिवचल्यास अळी डोकें आंत ओढते आणि मानेजवळचे दोन निळसर ठिपके वटारलेल्या डोळ्यांसारखे दिसतात. शत्रूस भिवविण्याची ही तिची युक्ति होय.

पूर्ण वाढ झाल्यावर तिचा रंग तपकिरी होतो. ती खालीं उतरून पाचोळ्यांत कोश करते. सुमारें २ आठवड्यांनीं हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग बाहेर येतो व तिन्हीसांजेस फुलांपुढें तरंगत मकरंद पितो.

हें सर्व घरीं पाहतां येतें. जाळीच्या पेटींत ओलसर माती, पाचोळा व उभी काडी ठेवावी. रोज तगरीचीं ताजीं पानें द्यावीं व तारीखवार टिपण लिहावें. कोश फोडूं नये. पतंग काडीस लोंबकळून पंख उलगडतो; जागा न मिळाल्यास ते चुरगळलेलेच राहतात. पानांचा चीक डोळ्यांस लागूं देऊं नये व हात धुवावे. केसाळ अळ्यांस मात्र स्पर्शही करूं नये.

किडे चिखलांतून आपोआप उपजतात, अशी समजूत रूढ असतांना जर्मनींतील मारिया सिबिला मेरियन हिनें १६६० मध्यें, वयाच्या तेराव्या वर्षीं, रेशमाचे किडे निरखण्यास आरंभ केला. पुढें अळी, कोश व पतंग यांचीं तिनें काढलेलीं चित्रें जगप्रसिद्ध झालीं.

यांत मुलाचा वेळ फुकट जातो, असें कोणा पालकांस वाटेल. परंतु आपल्या उसाची खोडकीड हीही पतंगाचीच अळी आहे. ती खोडांत शिरली म्हणजे फवारलेलें औषध तिच्यापर्यंत नीट पोंचत नाहीं. म्हणून ती अंड्यांत असतांनाच शेतकरी ट्रायकोग्रामा नांवाचे सूक्ष्म कीटक शेतांत सोडतात व ते तीं अंडीं नष्ट करतात. कोणती अवस्था केव्हां येते, हें ठाऊक असल्यावांचून हा उपाय साधत नाहीं. तगरीस पुन्हां पालवी फुटेल. तेवढीं पानें अळीस खाऊं द्यावीं व मुलांस तें पाहूं द्यावें, एवढीच आमची विनंती आहे.