अबू सिंबेल : स्थलांतरित देवालय

नाईल नदीवर आस्वान येथे उच्च धरण उभारण्याचे काम इजिप्तने १९६० मध्ये सुरू केले. पुरांचे नियंत्रण, बारमाही सिंचन आणि वीज या तिन्ही गरजा निकडीच्या होत्या. मात्र धरणामागे सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा जलाशय पसरणार होता आणि न्युबिया हा प्राचीन प्रदेश त्याच्या पोटात जाणार होता. अबू सिंबेल येथील दोन देवालये याच प्रदेशातील.

इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात दुसऱ्या रामसेस राजाने ती डोंगर कोरून घडविली. वेरूळच्या कैलासाशी परिचित असलेल्या वाचकास या कामाची कल्पना सहज येईल. मोठ्या देवालयाच्या दर्शनी भागी राजाच्या सुमारे २० मीटर उंचीच्या चार बैठ्या मूर्ती आहेत. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व ऑक्टोबरमध्ये, उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यात पोहोचतात. तेथील चार मूर्तींपैकी प्ताह या देवाची मूर्ती मात्र त्याही दिवशी बहुतांशी अंधारातच राहते.

मार्च १९६० मध्ये युनेस्कोने जगाला साहाय्याचे आवाहन केले. देवालयाभोवतीच बांध घालावा, किंवा संपूर्ण डोंगर यंत्रांनी उचलावा, अशाही सूचना पुढे आल्या. परंतु खर्चाच्या दृष्टीने त्या झेपणाऱ्या नव्हत्या. अखेर देवालये कापून वर नेण्याचे ठरले. १९६४ मध्ये काम सुरू झाले, तेव्हा पाणी चढू लागलेच होते. ते थोपविण्यासाठी आधी तात्पुरता बांध घालावा लागला. करवतीच्या धक्क्याने वरून दगड कोसळू नयेत म्हणून मूर्ती वाळूने झाकण्यात आल्या. वालुकाश्म ठिसूळ असल्याने दर्शनी भाग हातकरवतींनी कापण्यात आला. अशा रीतीने हजारांहून अधिक खंड, काही २० टनांहून जड, क्रमांक घालून सुमारे ६५ मीटर उंचीवर नेऊन जोडण्यात आले. वरचा डोंगर कृत्रिम असून त्याच्या आत काँक्रीटचा घुमट आहे. एका मूर्तीचा वरचा भाग प्राचीन काळीच कोसळून पायाशी पडला होता. तो नव्या जागीही तसाच पायाशी ठेवण्यात आला. हा विवेक विशेष उल्लेखनीय होय. सप्टेंबर १९६८ मध्ये हे कार्य पूर्ण झाले. सुमारे ४ कोटी डॉलर खर्च आला व त्यात पन्नासच्या आसपास राष्ट्रांनी वाटा उचलला. न्युबियातील उत्खननात भारतीय पुरातत्त्वज्ञांचे पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली सहभागी झाले होते.

देवालयांची कथा सर्वत्र सांगितली जाते. न्युबियन लोकांची तितकी नाही. इजिप्त व सुदान मिळून सुमारे एक लाख माणसांना नदीकाठची घरे, शेते आणि खजुराची झाडे सोडावी लागली. इजिप्तमधील बहुतेकांना कोम ओम्बोच्या परिसरात वसविण्यात आले. दगडाचा प्रत्येक खंड क्रमांकानुसार आपल्या शेजाऱ्याजवळ बसविला गेला, ती काळजी माणसांच्या वाट्याला आली नाही.

हा प्रश्न आपल्याकडेही उद्भवलेला आहे. नागार्जुनसागर धरणाच्या वेळी नागार्जुनकोंडा येथील बौद्ध अवशेष उत्खननानंतर उंच जागी हलवून जतन करण्यात आले. पुणे जिल्ह्यात उजनी धरणामुळे इंदापूर तालुक्यातील पळसदेव गाव उठले. पळसनाथाचे प्राचीन मंदिर मात्र जागीच राहिले. जलाशयाची पातळी फार खाली गेली, की ते पाण्याबाहेर येते आणि आसपासच्या गावांतील माणसे दर्शनाला जातात.