जुन्या गाडीतील मंद हीटर : कारणे, तपासणी व उपाय

मावळ तालुक्यातील कान्हे हे गाव पुणे-लोणावळा लोहमार्गावर वडगाव व कामशेत या स्थानकांच्या दरम्यान आहे. जुना मुंबई-पुणे रस्ताही याच भागातून जातो. या परिसरातील शेतमाल एकीकडे पुण्यास गुलटेकडीच्या बाजारात, तर दुसरीकडे लोणावळा, खंडाळा व बोरघाट ओलांडून वाशीच्या बाजारात जातो. माल भल्या पहाटे पोहोचवावा लागत असल्यामुळे गाडी रात्रीच निघते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर असून तेथे वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहरात हेच प्रमाण सुमारे ७०० मिलिमीटरच्या आसपास असते. अशा पावसात व धुक्यात घाट उतरणाऱ्या गाडीची पुढची काच स्वच्छ राहणे हा जीविताचा प्रश्न होय.

पुष्कळ शेतकऱ्यांकडे जुन्या जीपा, पिकअप गाड्या व मोटारी आहेत. त्यांपैकी ज्यांत हीटर बसविलेला आहे, त्यांतील तो मंद चालतो किंवा मध्येच बंद पडतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. “आपल्याकडे हीटर हवा कशाला?” असे म्हणून बहुतेक जण त्याकडे दुर्लक्ष करतात. हे दुर्लक्ष दोन कारणांनी महाग पडते. काचेवर आतून साचणारे दव घालविण्याचे साधन हातचे जाते, हे पहिले कारण. दुसरे कारण असे की, हीटर इंजिनाच्याच पाण्यावर चालत असल्यामुळे त्याचा मंदपणा ही अनेकदा इंजिनातील पाणी कमी होत असल्याची पहिली सूचना असते.

काचेवर दव का धरते?

गाडीत तीन माणसे भिजलेल्या कपड्यांनी बसली म्हणजे त्यांच्या श्वासाने व कपड्यांतील ओलाव्याने आतील हवा दमट होते. बाहेरून पावसाने थंड झालेल्या काचेस ही हवा लागताच तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. हवा तापविली म्हणजे तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती वाढते; म्हणून हीटरची उष्ण हवा काचेवरील ओल शोषून घेते. अशा वेळी बाहेरील हवा आत घेणारी झडप उघडी ठेवावी. आतलीच दमट हवा पुन्हापुन्हा फिरविल्यास दव लवकर जात नाही. वळणावर एका हाताने फडक्याने काच पुसणे अत्यंत धोक्याचे आहे.

हीटरची रचना

इंजिन थंड ठेवण्यासाठी वॉटर पंप त्यातून पाणी खेळवितो. या तापलेल्या पाण्याचा एक फाटा दोन रबरी नळ्यांवाटे डॅशबोर्डमागील एका लहान रेडिएटरमध्ये नेलेला असतो. त्यास हीटरची जाळी म्हणावे. ब्लोअर, म्हणजे विजेवर चालणारा पंखा, या जाळीतून हवा ढकलतो आणि तापलेली हवा काचेकडे किंवा पायांकडे सोडली जाते. तात्पर्य, हीटरला तीन गोष्टी लागतात : पुरेसे तापलेले पाणी, त्या पाण्याचा अखंड प्रवाह आणि हवेचा जोर. यांपैकी काय कमी पडते, ते आधी ठरवावे. तसे न करता सुटे भाग बदलत गेल्यास पैसा व्यर्थ जातो.

तपासणीपूर्वी घ्यावयाची दक्षता

१. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखाली असलेले पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वरही न उकळता राहते. झाकण सुटताच ते उसळून तोंड व हात भाजतात.

२. गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही व त्यास वासही नसतो.

३. पंख्याजवळ व पट्ट्याजवळ उपरणे, पदर किंवा सैल बाही येऊ देऊ नये.

४. काढलेले कूलंट गुरांच्या पाण्यात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल हा पदार्थ गोड परंतु विषारी असतो. कुत्री, वासरे व लहान मुले यांपासून ते दूर ठेवावे.

क्रमवार तपासणी

प्रथम इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरमधील व बाजूच्या डब्यातील पाण्याची पातळी पाहावी. बाजूचा डबा भरलेला दिसला, तरी रेडिएटर रिकामा असू शकतो. म्हणून झाकण उघडून खात्री करावी. अनेक तक्रारींचा उलगडा या एका पाहणीने होण्यासारखा असतो. पातळी कमी असल्यास पाणी कोठे गेले, याचा शोध घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. नळ्यांचे सांधे, वॉटर पंपाची खालची बाजू, रेडिएटरचा तळ व गाडीतील पायांखालची सतरंजी तपासावी.

नंतर गाडी सुरू करून इंजिन तापू द्यावे, हीटरची कळ पूर्ण उष्ण बाजूस न्यावी आणि पुढील लक्षणे पाहावीत.

हवा उष्ण, परंतु जोर नाही : दोष ब्लोअरकडे आहे. काचेखालील जाळीत साचलेला पालापाचोळा काढावा. हवेची गाळणी असल्यास ती झटकावी. पंखा केवळ सर्वांत जलद गतीवरच चालत असेल, तर गती कमी करणारा रेझिस्टर जळालेला असण्याचा संभव अधिक. खड्ड्यात गाडी आदळली की पंखा थांबतो व पुन्हा चालू होतो, असे घडत असल्यास फ्यूज, तारेचे जोड व अर्थिंग तपासावे. मावळातील दमट हवेत हे जोड गंजतात. ते घासून घट्ट करावेत. मोठ्या क्षमतेचा फ्यूज घालणे किंवा फ्यूजऐवजी तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

हवेचा जोर आहे, परंतु ती थंड : हीटरच्या दोन्ही नळ्यांना सावधपणे हात लावून पाहावा. दोन्ही नळ्या सारख्याच गरम असतील, तर पाणी ठीक फिरत आहे. गाडीतील उष्ण-थंड हवेची झडप किंवा तिची तार निसटलेली आहे. एक नळी गरम व दुसरी कोमट असेल, तर जाळी गाळाने तुंबली आहे किंवा पाण्याचा कॉक अर्धवट बंद आहे. दोन्ही थंड असतील, तर कॉक पूर्ण बंद आहे, पाणी कमी आहे, हवा धरली आहे किंवा पंप नीट चालत नाही.

इंजिनाची गती वाढविली की उष्ण, उभ्या गाडीत थंड : पाणी कमी असल्याचे किंवा हवा धरल्याचे हे ठळक लक्षण होय. डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू आल्यास शंका राहत नाही. पट्टा सैल होऊन घसरणे किंवा पंपाची पाती झिजणे, हीही कारणे असू शकतात.

घाट चढताना उष्ण, उतरताना थंड : येथे तापमापकाकडे लक्ष द्यावे. खोपोलीकडे उतरताना डिझेल इंजिनावर काम कमी पडते व ते काहीसे थंड होते, हे स्वाभाविक आहे. परंतु काटा बराच खाली येत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे किंवा पूर्वी कोणीतरी काढून टाकला आहे, असे समजावे.

धरलेली हवा काढणे

शेतातील पाइपलाइनच्या उंचवट्यावर हवा अडकली म्हणजे पाणी पुढे जात नाही, हा अनुभव प्रत्येक बागायतदारास आहे. हीटरच्या जाळीतही तसेच होते. गाडीचे तोंड चढाकडे ठेवून हँडब्रेक लावावा व चाकांमागे दगड लावावेत. इंजिन थंड असतानाच झाकण उघडावे, हीटरचा कॉक पूर्ण उघडावा आणि सावकाश पाणी भरावे. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून अखंड धार येताच घट्ट करावा. मग इंजिन मंद गतीने चालवून बुडबुडे निघून जातील तसतसे पाणी घालावे व पाणी वर चढू लागण्यापूर्वीच झाकण लावावे. गाडी पुन्हा थंड झाल्यावर पातळी परत पाहावी. बुडबुडे थांबतच नसतील, धुराड्यातून सतत पांढरी वाफ येत असेल किंवा तेल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरून गाडी कुशल कारागिराकडे न्यावी.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची चूक

“गाडी गरम होते” म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. थर्मोस्टॅट ही एक झडप असून इंजिन योग्य उष्णतेस येईपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. अनेक गाड्यांत ती सुमारे ८२ ते ८८ अंशांस उघडते. ती काढल्यास इंजिन थंड राहते, इंधन अधिक जळते, झीज वाढते व हीटर निरुपयोगी होतो. गरम होण्याचे मूळ कारण मात्र तसेच राहते.

झडपेची परीक्षा सोपी आहे. ती दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात टांगावी, तळाला टेकू देऊ नये. तापमापक ठेवून पाणी तापवावे. झडपेवर बहुधा कोरलेल्या अंशांच्या सुमारास ती उघडू लागली पाहिजे व पाणी निवल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. हे भांडे पुन्हा स्वयंपाकास वापरू नये.

तुंबलेली जाळी व पाण्याची निवड

विहिरीच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे चहाच्या भांड्यास जसा पांढरा थर धरतो, तसाच तो इंजिनात व जाळीत धरतो. जाळी तुंबली असल्यास दोन्ही नळ्या सोडवाव्यात आणि पाण्याच्या नेहमीच्या दिशेच्या उलट दिशेने, कमी दाबाने स्वच्छ पाणी सोडावे. गढूळपणा जाईपर्यंत हे चालू ठेवावे. शेतीपंपाचा जोर लावू नये. जुनी जाळी फुटते. पुढे भरताना उत्पादकाने सांगितलेले कूलंट शुद्ध केलेल्या पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून भरावे. कूलंटमधील द्रव्ये गंज रोखतात. नुसत्या पाण्याने, मग ते पावसाचे मृदू पाणी का असेना, हे काम होत नाही.

काचेवरील चिकट ओल

हीटर लावल्यावर दव जाण्याऐवजी वाढते, काचेवर तेलकट थर येतो, गोडसर वास सुटतो व पायाखाली ओल दिसते, ही जाळी गळत असल्याची चिन्हे होत. अशी गाडी रात्री घाटात नेऊ नये. जाळी दुरुस्त किंवा बदलून घ्यावी.

वाटेत दिसणारी धोक्याची खूण

हीटर एकाएकी थंड पडला आणि काटा वर चढू लागला, तर इंजिनातील पाणी गेले असे समजून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. कधी कधी पाणी पूर्ण गेल्यावर मापकाचा संवेदक कोरडा पडतो व काटा उलट खाली येतो. त्यावर विश्वासून गाडी हाकल्यास इंजिन जाम होते. इंजिन थंड होईपर्यंत झाकण उघडू नये व तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

मृगाच्या पावसापूर्वी, मे महिन्यात, गावातील दोन-तीन जुन्या गाड्या एकत्र आणून सकाळी इंजिने थंड असताना प्रात्यक्षिक घ्यावे. पाण्याची पातळी पाहणे, दोन नळ्यांची उष्णता ताडणे आणि थर्मोस्टॅटची परीक्षा, एवढ्या तीन गोष्टी शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने कराव्यात. यांपैकी कशासही फारसा खर्च नाही. प्रत्येक गाडीत पाणी केव्हा व किती घातले, याची नोंद ठेवण्याची सवय लावावी. दर आठवड्यास पाणी घालावे लागत असेल, तर गळती आहे, हे त्या नोंदीवरूनच कळेल.

पेरणीपूर्वी औत व जू यांची डागडुजी करणे हा शेतकऱ्याचा जुना शिरस्ता आहे. घाटातून माल नेणारी गाडी हेही आता शेतीचेच एक अवजार झाले आहे. पावसाळ्यापूर्वी तिची अशी तपासणी झाल्यास माल वेळेवर बाजारात पोहोचेल आणि गाडीतील माणसेही सुखरूप घरी परततील.