आर्द्रतेचा आकडा आणि बोर्डावरचं बटण

वसई-विरारमध्ये पावसाळ्यात कपाट उघडलं की आधी कुबट वास येतो, कपडे मागाहून दिसतात. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये मिठागरं आणि पाणथळीवर भराव घालून उभ्या राहिलेल्या इमारती. अशा हवेत पैठण्या, तबला, कॅमेऱ्याच्या लेन्स किंवा आगाशीहून आणलेली सुकेळी जपायची, तर घरात बिनतारी तापमान-आर्द्रता सेन्सर लावावेसे वाटणारच. जरूर लावा. किंमत फार नाही, आणि बटणासारख्या सेलवर ते कित्येक महिने चालतात. फक्त मोबाइलवर दिसणारा आकडा कुठला आणि किती वाजताचा, हे विचारायची सवय ठेवा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कपाटातला सेन्सर ६२ टक्के दाखवत होता. बाहेर मुसळधार, आत ६२. दुसऱ्या दिवशी ६२, पुढच्या आठवड्यातही ६२. सगळे निश्चिंत. मग एका लग्नासाठी बायकोने पैठणी काढली, तर घडीच्या कडेला पांढुरकी बुरशी. सेन्सर हातात घेतला तर त्याच्या स्वतःच्या पडद्यावर ८१!

भानगड अशी होती. लोखंडी कपाटाच्या दाराआडून सेन्सरचा क्षीण संदेश, सगळ्या सेन्सरचे निरोप गोळा करणाऱ्या हॉलमधल्या हबपर्यंत थेट पोचत नाही. मधल्या खोलीतला स्मार्ट प्लग तो उचलून पुढे देत असे. झिग्बी जातीच्या उपकरणांची रीतच ती : विजेवर चालणारी उपकरणं सेलवाल्यांचे निरोप पुढे नेतात. ज्या देशांत ही उपकरणं बेतली जातात, तिथल्या अनेक घरांत सॉकेट कायम चालू असतं. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण. आणि आई झोपण्यापूर्वी घरभर फिरून 'उगाच बिल कशाला' म्हणत बटणं बंद करते. त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या प्लगवर दुसरं काहीच चालत नव्हतं, म्हणून सकाळी तो कुणी लावलाही नाही. ॲप मात्र शेवटचा ऐकलेला आकडा इमानाने दाखवत राहिलं.

तेव्हा निरोप पोचवणारा प्लग हाताला सहज लागणार नाही अशा सॉकेटवर, शक्य तर फ्रिजच्या शेजारी ठेवा. फ्रिजचं बटण कुणी बंद करत नाही. होम असिस्टंटसारखी प्रणाली वापरत असाल तर आर्द्रतेच्या इशाऱ्याआधी दुसरा इशारा लावा : अमुक तासांत सेन्सरकडून काहीच आलं नाही तर फोन वाजू दे. सेल वाचवण्यासाठी हे सेन्सर बहुधा आकडा बदलला तरच बोलतात, म्हणून तासाभराच्या शांततेने घाबरू नका. सहा तासांची शांतता मात्र संशयास्पद. झिग्बी आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, आणि आपल्या इमारतींत शेजाऱ्यांचे राउटर भिंतीला भिंत लावून. हब राउटरला चिकटवून ठेवू नका. हबऐवजी झिग्बीची कांडी वापरत असाल तर ती संगणकाच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट खोचू नका, कारण त्या पोर्टचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात होतो. हातभर एक्स्टेन्शन वायरने काम भागतं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून सेन्सर मागवणार असाल तर थांबा. तिथली बरीच उपकरणं ९१५ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि तो पट्टा भारतात विनापरवाना वापरासाठी खुला नाही. आपल्याकडे तशी मोकळीक ८६५ मेगाहर्ट्झपासूनच्या छोट्या पट्ट्यात आहे. झेड-वेव्ह ही झिग्बीसारखीच दुसरी बिनतारी पद्धत घ्यायची तर भारताच्या ८६५.२ मेगाहर्ट्झचीच घ्या.

आता सेन्सर खरं सांगतो का? डीएचटी ११ हा अगदी स्वस्त सेन्सर आर्द्रतेत पाच टक्के इकडेतिकडे करतो, म्हणजे ६० म्हणाला तर ६५ही असू शकतं. बुरशी रोखायला साठच्या खाली राहायचं असताना तो कुचकामी. एसएचटी ३१ किंवा एसएचटी ४० बसवलेलं उपकरण घ्या. तरीही परीक्षा घ्याच, आणि तिचं साहित्य नायगाव-जूचंद्रकडच्या मिठागरांनी पिढ्यान्‌पिढ्या पिकवलेलं आहे. बाटलीच्या झाकणात जाडं मीठ घ्या, चमचाभरापेक्षा कमी पाणी घाला. मीठ ओल्या रेतीसारखं दिसलं पाहिजे, विरघळून जाता कामा नये. झाकण आणि सेन्सर घट्ट डब्यात ठेवा, मिठाचा स्पर्श होऊ देऊ नका, रात्रभर सोडा. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सेन्सर ७९ दाखवत असेल तर ॲपमध्ये उणे चारची दुरुस्ती घाला.

बाल्कनीत सेन्सर उघड्यावर टांगू नका. ऊन लागलं की तो हवेचं नाही, स्वतःच्या तापलेल्या खोक्याचं तापमान सांगतो. हवामान खात्याचे तापमापक याच कारणाने झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतात. ('ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनच्या अभियंता वडिलांची ती कल्पना.) दिवसेंदिवस ओल्याचिंब हवेत राहिलेला सेन्सर काही टक्के चढं दाखवू लागतो, कोरड्या जागी ठेवल्यावर हळूहळू ताळ्यावर येतो.

सर्वांत फसवा नियम म्हणजे 'आर्द्रता ७० झाली की एक्झॉस्ट पंखा लाव'. जुलैत तो पंखा दिवसरात्र फिरतो आणि घर कोरडं होत नाही. टक्केवारी हे पाण्याचं माप नव्हे. घरात ३१ अंशांना ७० टक्के म्हणजे घनमीटरमागे साधारण साडेबावीस ग्रॅम बाष्प. बाहेर पावसात २७ अंशांना ९० टक्के म्हणजे जवळजवळ २३ ग्रॅम. पंखा चालवून पाणी आत ओढलंत! म्हणून एक सेन्सर बाहेर, आडोशाला हवाच, आणि नियम दोन्हींकडच्या ग्रॅमवर किंवा दवबिंदूवर बांधा. बाहेरची हवा खरोखर कोरडी असेल तेव्हाच पंखा. एरवी खिडक्या बंद करून एसीचा ड्राय मोड किंवा डिह्युमिडिफायर. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, त्याही वेळोवेळी तापवून कोरड्या केलेल्या.

हे नियम परदेशातल्या सर्व्हरवर ठेवू नका. जुलै २०१८च्या पुरात वसई-विरारचा मोठा भाग अंधारात गेला होता, आणि त्याहून किरकोळ पावसातही केबल तुटून नेट जातं. हब आणि राउटर छोट्या इन्व्हर्टरवर, नियम घरातल्या घरात.

मिठाची परीक्षा आणि प्लगची जागा मे महिन्यातच उरकून घ्या, आणि घरातल्या प्रत्येकाला कोणतं बटण का बंद करायचं नाही, हे एकदा नीट समजावून सांगा.