सांडपाण्याची साक्ष

एकाद्या शहरांत मादक द्रव्यांचें सेवन किती होतें, हें घरोघर जाऊन विचारल्यास खरें उत्तर मिळणें कठीण. कोणी लाजेनें, तर कोणी शिक्षेच्या भयानें गप्प बसतो. परंतु सेवन केलेल्या द्रव्याचा कांहीं अंश मूत्रावाटें बाहेर पडून गटारांत जातोच. तें सांडपाणी तपासावें, ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉटन यांनीं इ. स. २००१ मध्यें मांडली. मिलान येथील मारिओ नेग्री संशोधनसंस्थेंतील एत्तोरे झुक्कातो व त्यांचे सहकारी यांनीं ती इटलींतील पो नदीवर व कांहीं शहरांच्या सांडपाण्यावर प्रत्यक्ष करून २००५ सालीं प्रसिद्ध केली.

त्यांनीं कोकेनचा शोध घेतला. पण पाण्यांत नुसतें कोकेन सांपडणें पुरेसें नव्हतें. कोणी भीतीनें पुडीच मोरींत ओतली असेल. म्हणून त्यांनीं बेंझॉयलेक्गोनीन नांवाचा पदार्थही मोजला. कोकेन शरीरांत गेलें म्हणजे त्याचें रूपांतर होऊन हा पदार्थ बनतो.

आतां हिशेब पाहा. समजा, १ लक्ष वस्तीच्या शहरांतून रोज २ कोटी लिटर सांडपाणी वाहतें, व दर लिटरांत हा पदार्थ १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षावा भाग, आढळतो. एकूण २० ग्रॅम झाले. घेतलेल्या कोकेनपैकीं सुमारें ४५ टक्केच या रूपानें बाहेर पडतें, आणि हा पदार्थ कोकेनहून किंचित् हलका असतो. म्हणून २० ला २.३३ नीं गुणावें. उत्तर ४६.६ ग्रॅम. १०० मिलिग्रॅमची एक मात्रा धरिली, तर शहरांत रोज ४६६ मात्रा घेतल्या जातात.

पो नदीच्या पाहणींत सुमारें ५० लक्ष वस्तीचा प्रदेश येत होता. तेथें नदीचें पाणी रोज सुमारें ४ किलोग्रॅम कोकेनची, म्हणजे ४०,००० मात्रांची, साक्ष देत होतें. सरकारी आंकड्यांवरून मात्र महिन्याकांठीं सुमारें १५,००० वेळांच सेवन होत असावें असें दिसे! पुढें २०११ सालीं युरोपांतील १९ शहरांनीं एकाच वेळीं अशी तपासणी केली, आणि ऑस्ट्रेलियानें २०१६ पासून ती राष्ट्रीय योजना म्हणून हातीं घेतली.

तरी या साक्षीस मर्यादा आहेत. ४६६ मात्रा ४६६ जणांनीं घेतल्या कीं शंभर जणांनीं, हें गटार सांगत नाहीं. उत्सवासाठीं पाहुणे आले, तर त्यांचाही हिस्सा त्यांत मिसळतो. तें कोणाचें नांवही सांगत नाहीं; आणि ही उणीव नसून तिचा मोठा गुण आहे. परंतु एकाच वसतिगृहाची किंवा एकाच चाळीची मोरी तपासली, तर हा गुण नाहींसा होऊन तेथील निर्दोष मनुष्यही संशयास पात्र ठरतो. म्हणून ही विद्या औषधोपचाराची सोय कोठें व किती करावी हें ठरविण्यासाठीं वापरावी, कोणास कलंक लावण्यासाठीं नव्हे.

पालकांसही एक विनंति. शहराचा आंकडा सांडपाणी सांगेल. परंतु आपलें मूल संकटांत आहे कीं काय, हें त्यानेंच आपल्यापाशीं येऊन सांगितलें पाहिजे. ज्या घरांत चूक कबूल करावयास मुलास भय वाटत नाहीं, त्या घरीं तें लवकर सांगेल, व वेळींच सांवरेल.