आधी तारेचं गणित

पुण्याला क्लस्टरच्या कामावर रुजू होतेयस, तर जाण्याआधी मामाचं जरा ऐक गं. फाइल सिस्टिम लस्टर असो की सेफ, तिचा वेग मोजायला बसण्याआधी कागद-पेन घे. दहा गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला सव्वा गिगाबाइटच्या वर काही जात नाही. एकाच मशीनवर चार दिसले तर तो वेग फाइल सिस्टिमचा नाहीच, त्या मशीनच्या रॅमचा आहे.

रॅम फार फसवते. म्हणून फाइल रॅमच्या दुप्पट तरी घे आणि सगळं डिस्कवर पोचवणारं एफसिंक होईपर्यंत घड्याळ थांबवू नकोस. ज्या मशीननं लिहिलं तिलाच वाचायला लावू नको, शेजारचीला लाव. वेग मोजणाऱ्या आयओआर प्रोग्राममध्ये त्यासाठी 'सी' हा पर्याय आहे, पण कॅपिटल. स्मॉल लावलास तर भलतंच काही मोजशील. वेळ धरायचा तो सगळ्यात मागं राहिलेल्या प्रोसेसचा. आणि लस्टरचा स्ट्राइप काउंट आधी बघ. तो एक असेल तर अख्खी फाइल एकाच टार्गेटवर जाते, बाकीची बसून राहतात आणि लोक सिस्टिमच्या नावानं खडे फोडतात.

बारक्या फायलींचं दुखणं निराळं. चाटी गल्लीच्या कापडबाजारात शंभर चादरींचा गठ्ठा एका हमालीत उतरतो, पण शंभर गिऱ्हाइकांना एकेक टॉवेल विकायचा तर शंभर बिलं फाडावी लागतात. ती बिलं फाडणारा म्हणजे मेटाडेटा सर्व्हर. त्याला एमडीटेस्टनं वेगळं मोज. 2017पासून निघणाऱ्या आयओ500 यादीत लिहिण्या-वाचण्याचा वेग आणि मेटाडेटाचा वेग या दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढतात, म्हणजे एक बाजू लंगडी असली की गुण पडतातच. तिथल्या अवघड चाचणीत एकेक तुकडा 47,008 बाइटचा असतो, मुद्दाम अडनिडा. मला ती खोड आवडते.

पण काम कुणाचं आहे तेही विचार. हवामानाचं मॉडेल बराच वेळ गणित करतं आणि मग एकदम ढीगभर लिहितं. खोडदच्या जीएमआरटीसारख्या दुर्बिणीचा डेटा मात्र निरीक्षण चालू असेतो येतच राहतो, त्याला थांब म्हणता येत नाही. तिथं सरासरी काय चाटायचीय? सगळ्यात वाईट सेकंद बघ.

चाचणी निरनिराळ्या वेळी चालव, शेजारी कुणाचे जॉब चालू होते ते वहीत लिही. झाल्यावर फायली पूस. पुसायलाही वेळ लागतो, तोही मोज.