श्यामच्या आईचं काय चुकलं होतं?

आपल्या पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठाचं नाव निघालं की साने गुरुजी आठवतात. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७मध्ये गुरुजींनी त्या मठात उपोषण केलं आणि ते दार उघडलं. ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो, त्यांचं ‘श्यामची आई’ वाचायला देतो. पुढचं मात्र गाळतो. ११ जून १९५० रोजी याच गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय होतं अवघं पन्नास.

असं का झालं, याचं एका वाक्यातलं उत्तर कुणी देऊ नये. कुणाच्याच बाबतीत देऊ नये. पण मुलाचं मन आजारी आहे हे कळल्यावर आई-वडील सगळ्यात आधी विचारतात, ‘आमचं काय चुकलं हो?’ तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे गुरुजींच्या आई यशोदाबाई, म्हणजेच ती ‘श्यामची आई’, येतात. संस्कार आणि माया म्हटलं की उभा महाराष्ट्र जिचं नाव घेतो, तिचा हा मुलगा. तिची माया कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग तुम्ही स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करता? तुम्ही अपराधी वाटून घेत बसलात की दोनच गोष्टी होतात. एक तर तुम्ही आजार लपवता, नाहीतर मुलावरच चिडता. दोन्हींत वेळ जातो, आणि इथे वेळ मोलाचा असतो.

मन उदास होणं आणि नैराश्याचा आजार जडणं यात फरक आहे. परीक्षेत मार्क कमी पडले, मैत्रीण बोलेनाशी झाली, तर चार दिवस जेवण जात नाही, पुढे सावरतं. पण दोन आठवडे उलटले तरी कशातच गोडी नाही, झोप उडाली किंवा दुपारपर्यंत अंथरूण सुटत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, ‘माझा कुणाला उपयोग नाही’ असं तोंडी येऊ लागलं, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. वयात येणाऱ्या मुलांत हा आजार पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, चिडचिडीतून दिसतो. पोरगं उद्धट झालंय म्हणून आपण फटकारतो आणि ते आतल्या आत आणखी मिटत जातं.

आणि बाह्या बघा. पंढरपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, घाटावरची फरशी पाय ठेवू देत नाही. अशा दिवसांत मुलगी पूर्ण बाह्यांचा ड्रेस सोडेना, धुणं स्वतःच धुऊ लागली, मनगट झाकून बसू लागली, तर त्या मनगटावर जखमा असू शकतात. त्या दिसल्या की पहिल्या झटक्यात तोंडून निघतं, ‘ही कसली नाटकं? तुला काय कमी केलंय आम्ही?’ हे एवढं वाक्य गिळा. स्वतःला इजा करणाऱ्या सगळ्याच मुलांना मरायचं असतं असं नाही. असह्य झालेली घालमेल क्षणभर थांबावी, बधिर झालेल्या मनाला काहीतरी जाणवावं, म्हणूनही मुलं हे करतात. पण म्हणून ते किरकोळ नव्हे, कारण पुढचा धोका त्याने वाढतो. जखम शांतपणे धुवा, पट्टी बांधा, जवळ बसा. ‘पुन्हा करणार नाही’ म्हणून देवाची शपथ घालू नका. शपथ मोडली तर तेही लपवायचं ओझं तिच्यावर येतं.

मग विचारा, सरळ विचारा: ‘बाळा, जगूच नये असं वाटतं का तुला?’ विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येईल, ही भीती खोटी आहे. कुणीतरी विचारलं म्हणून मुलांना हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर हंबरडा फोडू नका, विठ्ठलाच्या पायावर नेऊन डोकं टेकवायला लावू नका. देवदर्शन तिच्या मनात असेल तेव्हा जरूर करा. पण ते औषधाच्या जागी नको, आणि अंगारा-उतारा तर नकोच. त्या रात्री तिला एकटी सोडू नका. घरातल्या उरल्यासुरल्या गोळ्या, द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीची औषधं कुलपात घाला आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. तीव्र इच्छा अनेकदा थोड्या वेळाने ओसरते. तेवढा वेळ हाती लागला तर जीव वाचतो. धोका समोर दिसत असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करून सरळ दवाखाना गाठा.

आपल्या गावाची म्हणून एक अडचण आहे. आषाढीच्या पंधरवड्यात बुक्का-चुरमुऱ्यांच्या दुकानापासून लॉजपर्यंत सगळ्यांचे हात गुंतलेले. वर्षाची कमाई त्या दिवसांत होते, हे मी नाकारत नाही. घरात वारकरी उतरलेले, मुलांची खोलीही दिलेली. लाखो लोकांच्या त्या गर्दीत आपलं एक पोर गप्प झालंय, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तेव्हा रात्री गल्ला मोजून झाल्यावर दहा मिनिटं त्याच्याजवळ जाऊन बसा. काही बोललं नाही तरी बसा.

‘पोलीस केस होईल’ या भीतीने काही घरं दवाखाना टाळतात. दवाखान्यात नोंद होते, ती होऊ द्या. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं, असं २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. आणि ‘लग्नाच्या वेळी कळलं तर?’ या प्रश्नावर मी एवढंच म्हणेन, आधी पोर राहू द्या.

मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून आणि दुसऱ्या महिन्यात ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नका. सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता वाढलेली दिसली तर लगेच डॉक्टरांना कळवा. समुपदेशकाकडे मुलगा काय बोलला ते घरी खोदून विचारू नका.

ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्र सरकारने टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा सुरू केली आहे. नंबर १४४१६, रात्रंदिवस, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. मुलगा फोन करायला तयार नसेल तर तुम्ही करा. ‘माझ्या मुलाला असं असं होतंय, मी काय करू?’ इतकं म्हटलं तरी पुरतं. तुमची स्वतःची झोप उडाली असेल, त्याच्या खोलीच्या दाराशी कान लावून तुम्ही रात्र काढत असाल, तर तेही तिथे सांगा. ती सेवा तुमच्यासाठीही आहे.