भांडण, खून आणि अपील

बांधावरचे एखादे झाड, कालव्याच्या पाण्याची पाळी, पारावर बोलला गेलेला उणा शब्द: गावातील कित्येक भांडणांचे मूळ एवढेच असते. मात्र एका क्षणी काठी वा कोयता हाती येतो, एक मनुष्य प्राणास मुकतो आणि दुसऱ्याचे आयुष्य तुरुंगात जाते. अशा खटल्यात न्यायालय कशाचा विचार करते, हे गावच्या कारभाऱ्यांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

खून आणि सदोष मनुष्यवध

मनुष्य मारला गेला म्हणजे प्रत्येक वेळी खूनच झाला, असे कायदा मानत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २९९ सदोष मनुष्यवधाचे व कलम ३०० खुनाचे होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तत्त्वे कलम १०० व १०१ मध्ये आली आहेत. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांस मात्र जुनीच संहिता लागू होते.

या दोहोंतील सीमारेषा मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ सालीच स्पष्ट केली. गोविंदा नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने पत्नीस लाथाबुक्क्यांनी मारहाण केली व तीत तिचा अंत झाला. सत्र न्यायालयाने त्यास खुनाबद्दल दोषी ठरविले होते. हत्यार वापरलेले नव्हते. केलेली इजा मृत्यू घडविण्याचा संभव असलेली होती; परंतु निसर्गक्रमानुसार मृत्यू आणण्यास ती पुरेशी होती असे म्हणता येत नाही, असे न्यायमूर्ती मेल्व्हिल यांनी ठरविले. खुनाचा अपराध सदोष मनुष्यवधावर आला. दीडशे वर्षांनंतरही हा निर्णय आधारास घेतला जातो.

आकस्मिक भांडणाचा अपवाद

उदाहरणादाखल अशी कल्पना करावी: नगर जिल्ह्यातील एका गावी, भर रस्त्यात, पाण्याच्या पाळीवरून दोघांची जुंपली. एकाने तेथेच पडलेली काठी उचलून दुसऱ्याच्या डोक्यात घातली. तिसऱ्या दिवशी जखमी दगावला. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. आरोपीने अपील केले.

खुनाच्या व्याख्येस असलेल्या चौथ्या अपवादाचा येथे विचार होतो. पूर्वयोजना नसावी, भांडण अकस्मात उद्भवलेले असावे, झटापट रागाच्या भरात झालेली असावी, आणि आरोपीने गैरफायदा घेतलेला अथवा क्रूर वर्तन केलेले नसावे. आधी कळ कोणी काढली, हा मुद्दा गौण ठरतो. तोच मनुष्य घरी जाऊन कुऱ्हाड घेऊन परतला असेल, तर मात्र चित्र पालटते.

'एकच घाव घातला' एवढे म्हणून सुटका होत नाही. विरसा सिंग खटल्यात (१९५८) भाल्याचा घाव एकच होता, तरीही सर्वोच्च न्यायालयाने खुनाची दोषसिद्धी कायम ठेवली. नेमकी तीच इजा करण्याचा हेतू होता काय आणि ती निसर्गक्रमानुसार प्राणघातक होती काय, हे पाहावे लागते. म्हणूनच शवविच्छेदनाच्या अहवालास मोठे महत्त्व असते.

अपिलाची वाट

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील सत्र न्यायालयांच्या अशा निकालांवरील अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठापुढे चालतात. मुदत सामान्यतः साठ दिवसांची. फाशीच्या शिक्षेविरुद्ध तीस दिवसांची. उच्च न्यायालय सर्व पुरावा नव्याने तपासते. ते आरोपीस निर्दोष सोडू शकते, अपराधाचे स्वरूप बदलू शकते वा अपील फेटाळू शकते.

गरिबीमुळे ही वाट बंद होऊ नये, यासाठी १९७८ मध्ये हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी बजावल्या: कैद्यास निकालपत्राची प्रत विनामूल्य व वेळेत मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसल्यास अपिलासाठी शासनाने वकील दिला पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार कोठडीतील कोणतीही व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहे. कारागृहातूनही अपील दाखल करता येते.

गावाची जबाबदारी

अपिलात साक्षीदार सहसा पुन्हा बोलावले जात नाहीत, कागद बोलतात. प्रथम खबर उशिरा दिलेली, पंचनाम्यावर न वाचता केलेली सही, दबावाखाली फिरविलेला जबाब, यांपैकी कोणताही दोष निर्दोषास अडकवू शकतो वा अपराध्यास सोडवू शकतो. खुनाचा गुन्हा आपसांत मिटविता येत नाही. तेव्हा पोलीस पाटलाने तत्काळ खबर द्यावी, पंचांनी डोळ्यांनी पाहिले तेवढेच नोंदवू द्यावे आणि जखमीस विनाविलंब रुग्णालयात पोचवावे.

त्याहून मोठे काम भांडणापूर्वीचे आहे. बांधाची मोजणी वेळेवर झाली, पाण्याच्या पाळीचे वेळापत्रक सर्वांस दिसेल असे लावले आणि कुरबूर हातघाईवर येण्याआधी चार शहाण्या माणसांनी मध्ये पडून ती थांबविली, तर दोन घरे वाचतात: एक मृताचे व दुसरे आरोपीचे. अपिलाने शिक्षा कमी होऊ शकते. गेलेला जीव परत येत नाही.